पणजोबांचं मूळ गाव शोधतोय, "नदीपल्याड" एवढंच माहीत आहे

वर्धाकाठ:

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीपासून दोनेक कोसावर. गेल्या उन्हाळ्यात मोठे बाबा गेले, त्यांच्या तेरवीच्या कार्डावर नावं टाकायला बसलो तर आबाजीच्या वरचं कोणालेच सांगता येईना, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय की वंशावळ लिहून ठेवायची. जात पडताळणीसाठी नाही हं, ते काम १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखावर कधीच झालं. त्यात पणजोबांचं नाव आहे आणि 'वल्द' करून त्यांच्या बापाचं. पण त्याच्या मागं काहीच नाही. गावच्या कोतवाल बुकात १९२० च्या आधी आमच्या घरचा ना जन्म ना मरण, शाळेच्या दाखल-खारीजमध्ये पणजोबा नाहीत कारण ते शाळेतच गेले नाहीत.

आजी म्हणायची, "आपण नदीपल्याडचे, तुहा पणजा मामाच्या बोटाले धरून आला." कोणतं गाव ते तिलेही माहीत नव्हतं.

आता माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली तर त्यात पत्रांची तार निघाली, जुन्या लोकांची असते तशी, खाली लाकडी गोल चकती आणि वर आकडा. मनीऑर्डरच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका. आणि पार तळाशी एक पोस्टकार्ड, वरचा कोपरा फाडलेला. शाई पसरलीय, पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव गेलंय. जेवढं लागतं तेवढं लिहितो: "खुशाली नाही. आपली बहीण कार्तिक वद्य पंचमीस वारली. दहावा कौंडण्यपूरले आहे. येणे करावे." पत्ता पणजोबांच्या नावाचा, शिक्का १९५६ चा वाटतो.

पणजोबांले बहीण होती हे घरात कोणालेच माहीत नाही. माझे बाबा म्हणतात चुकून आलेलं कार्ड असेल. पुढं काय करावं, कुठं जावं?

सुभाष काका (रिटायर्ड पटवारी):

चुकून आलेलं नाही बापा. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर, वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही अशी रीत. माझी माय तर उंबऱ्याच्या आत आणू देत नव्हती. तुमच्या पणजोबांनी तारेत टोचून ठेवलं म्हणजे त्यांच्या रक्ताचंच कोणी होतं.

आता कागदाचं सांगतो. नदीच्या तुमच्या बाजूचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, नंतर इंग्रजांचा मध्यप्रांत, आणि पल्याडचा वऱ्हाड निजामाचा, तो १८५३ मध्ये इंग्रजांकडे कारभाराले आला. दोन्ही एकाच प्रांतात यायले १९०३ उजाडलं. म्हणून कागदाच्या पद्धतीच वेगळ्या. तुमच्याकडं मालगुजारी होती, गाव मालगुजाराचं, कास्तकार त्याचं कूळ, तर जुन्या बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला त्याच्या, मिसलीत (फायलीत) आणि जमाबंदीत कुळाच्या रकान्यात नाव शोधावं लागते. पल्याड रयतवारी, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर, वावर थेट खातेदाराच्या नावानं. तुम्ही अल्याडच्या पद्धतीनं पल्याडचा माणूस शोधाल तर सापडणार नाही.

दुसरं, जुन्या कागदात आडनाव पाहूच नका. 'अमका वल्द तमका' आणि पुढं जात, एवढंच असते. बाई असेल तर 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. मी नोकरीत असताना पाहिलं, लोक आडनावावर बोट फिरवत बसतात आणि नाव समोर असून रेकॉर्ड नाही म्हणून वापस जातात. ओबीसीले जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा एक कागद भेटला की सगळे थांबतात, त्याच्या मागं जाणारे तुमच्यासारखे लय कमी, म्हणून एवढं लिहितोय.

नकलेच्या अर्जात गाव आणि साल दोन्ही लिहा. नुसतं "जुनं रेकॉर्ड पायजे" लिहिलं तर कोणी बस्ता, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, सोडत नाही.

वर्धाकाठ:

काका धन्यवाद, पण गावच तर माहीत नाही ना.

माहेरवाशीण:

दादा, गाव तुमच्या कार्डात आहे की. कौंडण्यपूर! आपण रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतो ते, पण तिथं नदीवर दहावे करायला काय मुंबईचे लोक येत नाहीत. १९५६ साली बंडीनं सकाळी निघून दिवसात वापस येता येईल अशाच गावांचे लोक तिथं दहावा करत असतील. म्हणजे तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगावच्या बाजूची नदीकाठची गावं, फार तर पंचवीस-तीस. एवढ्यात शोधता येते.

आणि शिक्का एकच पाहिला का तुम्ही? पोस्टकार्डावर दोन असतात, जिथून टाकलं तिथल्या पोस्टाचा आणि जिथं पोचलं तिथला. अंधाऱ्या खोलीत कार्ड टेबलावर सपाट ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूनं, अगदी टेबलाला टेकवून मारा, शाई उडाली असली तरी ठशाचा दाब दिसतो. मी माझ्या आजीच्या माहेरचं गाव असंच काढलं, चार अक्षरांपैकी दोन दिसली तेवढी पुरली.

एक माझ्या मनातलं सांगते, घराणं शोधताना सगळे पुरुषांच्या रांगेनं जातात आणि तिथंच अडतात. बाई वारली की तिच्या कार्डावर सगळं सासर, 'समस्त अमुक परिवार', माहेरचं एक नाव नसते. पण तिचा भाऊ वारला की भावाच्या तेरवीच्या कार्डावर खाली जावई, भाचे, त्यांची आडनावं आणि गावं असतात. म्हणून आत्या शोधायची तर तिच्या भावाचं कार्ड पाहायचं. मी आमच्या सोयऱ्यांच्या घरी जाऊन देव्हाऱ्याच्या मागं, पोथीत घालून ठेवलेली अशी साठेक कार्डं पाहिली, फोटो काढले, आणि एका वहीत नुसते जावई लिहिले. त्या वहीतून माझ्या आजीच्या तीन बहिणी निघाल्या ज्यांची नावं आमच्या वंशावळीत नव्हती, भाटाच्या पोथीतही नव्हती, कारण तिथं लेकी लिहितच नाहीत.

आणखी एक. पोरगा मामाच्या बोटाला धरून येतो, बापाच्या नाही, म्हणजे घरी काहीतरी झालं असेल. पणजोबांचं वय किती धरता?

वर्धाकाठ:

१९६३ ला गेले, तेव्हा पन्नाशी ओलांडली होती असं म्हणतात. म्हणजे जन्म १९१० च्या आसपास.

माहेरवाशीण:

मग १९१८ पहा. मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ.

सुभाष काका (रिटायर्ड पटवारी):

ताई बरोबर बोलल्या, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. १९१८ ची मानमोडी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सगळ्यात जास्त झोंबली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर मोजदाद नाही. मी एका गावचं त्या सालचं रजिस्टर हाताळलं आहे. एरवी महिन्याला दोन-तीन मरणं असलेल्या गावाची त्या दोन महिन्यात पानंच्या पानं, कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप', 'ताप', 'ताप', आणि मधेच अक्षर बदललं होतं. लिहिणाराच गेला असेल.

जन्माची नोंद शोधताना पोराचं नाव शोधू नका, तेव्हा बारसं झालेलं नसायचं, बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगा' नाहीतर 'मुलगी'. मरणाच्या नोंदीत मात्र वय सापडते.

मोडी_वाचक:

वऱ्हाडातले जुने कागद बरेचदा मोडीत असतात, घाबरू नका, फोटो सरळ वरून काढून इथं टाका, मी वाचून देतो. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, तिथंच शिकलो. साल शके असेल तर ७८ मिळवा, फसली (सारा वसुलीचं जुनं साल) असेल तर ५९० ते ५९३ च्या मधे कुठंतरी, म्हणून फसलीच्या बाजूचा महिना पण बघून घ्या.

पेपरमधल्या निधन वार्ता आत्ताच शोधत बसू नका. माझ्या अनुभवात खेड्यातल्या साध्या कास्तकाराचं नाव त्यात फार उशिरा यायला लागलं, आधी वकील, डॉक्टर, मालगुजार हेच.

वर्धाकाठ:

दोन महिन्यांनी येतोय, माफ करा, सोयाबीन काढायचं होतं.

ताई, टॉर्चनं दिसलं. शिक्क्याची पहिली दोन अक्षरं लागली आणि त्या पोस्टाखालची गावं काढली, आठ निघाली. कौंडण्यपूरच्या घाटावर एका म्हाताऱ्या गुरुजींले विचारलं तर त्यांनी आठातली तीन सांगितली जिथले लोक पिढ्यान् पिढ्या तिथंच दहावा करतात. त्या तिन्ही गावांचे अर्ज टाकले, साल १९१८ लिहून. पहिल्या ठिकाणी तीन चकरा झाल्या, बस्ता काढला तर अर्धा उधईनं खाल्लेला, १९१६ नंतर थेट १९२३. मन खट्टू झालं होतं. दुसऱ्या गावाचं रजिस्टर धड होतं. मोडीतलं. मोडी वाचक दादांनी त्याच रात्री वाचून दिलं, त्यांचे उपकार.

ऑक्टोबर १९१८. एकाच घरात नऊ दिवसात तीन नोंदी. पणजोबांचे बाप, तेच नाव जे अधिकार अभिलेखात 'वल्द' म्हणून आहे, आणि वल्द पुढं त्यांच्याही बापाचं, म्हणजे एक पिढी आणखी मिळाली. मग त्यांची बायको, तिच्या नावापुढं 'बेवा' लिहिलंय, सहा दिवसांची बेवा. मग एक मुलगा, वय दोन. तिन्हीले कारण ताप.

मागं राहिले आठेक वर्षांचे पणजोबा आणि ती बहीण. पणजोबांले मामानं नदीच्या अल्याड आणलं. बहीण तिथंच कोणाकडं तरी राहिली असेल, तिचं लग्न पण तिकडंच झालं असणार.

बाबांले नोंद वाचून दाखवली. ते काही बोलले नाही, ते कार्ड तारेतून काढून देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. आई म्हणाली कोपरा फाडलेलं आहे, देवाजवळ नको. बाबा म्हणाले राहू दे.

काका, आता एक विचारायचं होतं. बहिणीचं नाव कुठंच नाही, ना रजिस्टरात ना कार्डात. १९५६ च्या कार्तिकातली तिच्या मरणाची नोंद सासरच्या गावी असेल ना, आणि त्यात ती 'जौजे' म्हणून सापडेल का? गावं तीच तीन-आठ धरून चालतोय. अर्ज सोमवारी टाकतो.

सुभाष काका (रिटायर्ड पटवारी):

सापडेल. १९५६ ची नोंद देवनागरीत असेल, तुम्हालेच वाचता येईल. अर्जात "कार्तिक वद्य" लिहू नका, जुनं पंचांग पाहून नोव्हेंबरची तारीख काढा आणि मागचे-पुढचे पंधरा दिवस मागा, खबर लिहायले उशीर होत असे. नाव कळलं की इथं टाका.