शनिवारची गच्ची आणि लहानपणीची स्वप्नं

सुधाकरकाका ४०१: गच्चीची किल्ली अनघाकडे कशी गेली? संक्रांतीला पतंगीवाल्या पोरांनी टाकीचा पाइप तोडला म्हणून कुलूप लावायचं ठरलं होतं. कोजागिरीला शेगडी फरफटत नेली, त्याच्या खुणा वॉटरप्रूफिंगवर अजून आहेत. पावसाळ्यात बादली माझ्या बेडरूममध्ये ठेवावी लागते, बाकी कोणाच्या नाही.

अनघा २०३: नमस्कार काका. किल्ली सचिवांनी दिली. शनिवारी संध्याकाळी ७ ते ८:३० गच्चीवर आपल्याच बिल्डिंगमधल्या लोकांच्या कविता आणि फिल्म. विषय लहानपणीची स्वप्नं. शेगडी नाही, जेवण नाही. खुर्च्यांखाली सतरंज्या टाकू.

मंगलाताई १०२: बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. मुलं अभ्यास करून राहिली आहेत. आवाज नको.

प्रफुल्ल ३०४: जेवण नाही?? थंडीत गच्चीवर बोलावून राहिले अन् साधी सांबारवडीपण नाही का बाप्पा?

रश्मी ३०२: सांबारवडी मी करते. पण मागच्या वेळचे चार डबे अजून परत आले नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहीत आहे.

प्रफुल्ल ३०४: वहिनी, एक माझ्याकडे आहे. आज आणून देतो.

सुधाकरकाका ४०१: विषय डब्यांचा नाही. मोबाइलवर व्हिडिओ बनवा अन् ग्रुपवर टाका. ज्याला पाहायचं तो घरी बसून पाहील. गच्ची कशाला?

अनघा २०३: काका, नीट सांगते. फिल्मला मुद्दाम आवाज टाकलेला नाही. पडद्यावर चित्र चालेल आणि ज्याचं स्वप्न आहे तो बाजूला उभा राहून आपली कविता म्हणेल. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लागला तेव्हा सिनेमाला स्वतःचा आवाज नव्हताच. वादक पडद्यापाशी बसून वाजवायचे. आपल्याकडे बोलपट आला १९३१ मध्ये, ‘आलम आरा’. आम्ही तीच जुनी पद्धत घेतली, कारण शालिनीआजी म्हणता म्हणता मध्येच थांबतात. रेकॉर्डिंग केलं की चित्र त्यांना सोडून पुढे निघून जातं. समोरासमोर असलं की मी लॅपटॉपवर चित्र धरून ठेवू शकते, आजी पुढची ओळ म्हणेपर्यंत. घरी बसून पाहण्यात हे कसं येणार?

मंगलाताई १०२: बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. आवाज नको.

सचिव: निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो. दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. कार्यक्रम ८:३० ला संपतो. एकच छोटा स्पीकर, तोंड टाकीकडे. मी स्वतः उभा राहीन.

मंगलाताई १०२: ८:३० म्हणजे ८:३०. कोजागिरीला पण १० म्हटलं होतं.

शालिनीआजी २०१: नातीकडून लिहून घेते आहे. सुधाकरराव, तुमचा त्रास खरा आहे, मी ओली भिंत पाहिली आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की मी सावनेरची. आमच्या घरामागून छोटी लाईन जायची, इतवारी ते छिंदवाडा. अडीच फुटी रूळ. मला त्या गाडीची ड्रायव्हर व्हायचं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, आधी पोळ्या गोल कर. २०१५ मध्ये ती लाईन बंद झाली. अनघा मला मोतीबागच्या रेल्वे म्युझियमला घेऊन गेली. गुडघ्यामुळे इंजिनवर चढता आलं नाही, तर मी खाली उभी राहून हात लावला. ते चित्र आहे फिल्ममध्ये. मला ती कविता लोकांसमोर म्हणायची आहे.

रश्मी ३०२: आजी, मी पहिल्या रांगेत.

प्रफुल्ल ३०४: आजी, माझे बाबा छोट्या लाईनवर गँगमन होते. मी त्यांना घेऊन येतो. डोळ्यांनी कमी दिसते, पण ऐकू चांगलं येते.

शालिनीआजी २०१: आण बेटा. शिटीचा आवाज कसा होता ते त्यांना विचारायचं आहे.

४०३: यादीत वॉचमनचं नाव दिसून राहिलं. तो वर कविता म्हणेल तर गेटवर कोण?

अनघा २०३: रामदासभाऊ शेवटी आहेत, दहा मिनिटं. ते वडशाकडचे. लहानपणी झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं रात्रभर बसून पाहायचे. राजाचं काम करायचं स्वप्न होतं. कविता त्यांनी स्वतः झाडीबोलीत केली आहे.

४०३: छान आहे. पण आपण पगार गेटचा देतो.

रश्मी ३०२: हे बोलायची पद्धत आहे का?

४०३: हा मेसेज डिलीट केला आहे.

रश्मी ३०२: डिलीट केलं तरी सगळ्यांनी वाचलं. आणि रामदासभाऊ या ग्रुपवर आहेत. पार्सलच्या मेसेजसाठी आपणच घेतलं त्यांना.

मंगलाताई १०२: परीक्षा फेब्रुवारीत आहे.

प्रफुल्ल ३०४: ताई, हाव जी. पाठ झालं आता.

मंगलाताई १०२: चेष्टा करू नका. माझ्या मुलाला खिडकी लावूनही ऐकू येतं. तुमच्या घरी कोणी बारावीला नाही.

अनघा २०३: ताई, खरं आहे तुमचं. उद्या दुपारी स्पीकर लावून पाहू. मी तुमच्या घरात बसते, सचिव वर. ऐकू आलं तर स्पीकर काढून टाकू, नुसत्या तोंडी म्हणू.

मंगलाताई १०२: उद्या ४ नंतर या. त्याआधी तो क्लासला असतो.

सुधाकरकाका ४०१: माझ्या मुद्द्याचं उत्तर आलेलं नाही. खुर्च्या कोण नेणार आणि कशा? लोखंडी खुर्च्या ओढल्या तर मी त्याच वेळी कार्यक्रम थांबवीन. वॉटरप्रूफिंगचा विषय मार्चच्या सभेत पहिला घ्या, तसं इथे लिहून द्या.

सचिव: लिहून देतो. मार्चच्या सभेत पहिला विषय, ४०१ ची गळती. दोन ठेकेदारांचे दर मागवतो.

सुधाकरकाका ४०१: ठीक. प्लास्टिकच्या खुर्च्याच न्या. उचलून.

रामदासभाऊ (गेट): नमस्कार साहेब. गेटची अडचण होत असेल तर मी नाही म्हणत. कविता अनघाताईंना लिहून दिली आहे, त्या वाचतील.

अनघा २०३: नाही भाऊ. तुमची कविता तुम्हीच म्हणायची. माझ्या तोंडून ती बोली येणारच नाही.

शालिनीआजी २०१: रामदास म्हणणार नसेल तर मीही म्हणणार नाही.

प्रफुल्ल ३०४: ८:१५ ते ८:३० गेटवर मी बसतो. बाबांना रश्मीवहिनींच्या बाजूला बसवा. पार्सल आलं तर घेतो, गाडी आली तर नंबर लिहितो. रामदासभाऊ, रजिस्टर कुठं ठेवता ते तेवढं दाखवून द्या.

रामदासभाऊ (गेट): टेबलाच्या खालच्या खणात आहे साहेब. पेन बांधून ठेवला आहे.