शोधमर्यादा खाली नेण्याची शर्यत आता पुरे झाली का?

सुनेत्रा:
विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची नियतकालिकं चाळली की एकामागून एक निबंधात तोच दावा भेटतो: आमचा सेन्सर आधीच्यापेक्षा कितीतरी पट कमी प्रमाण ओळखतो, म्हणजे त्याची शोधमर्यादा (ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण) आणखी खाली आहे. मायक्रोमोलरवरून नॅनोमोलर, तिथून पिकोमोलर, दर पायरीला हजारपट कमी. माझं मत स्पष्ट सांगते. या शर्यतीतून आता ज्ञान कमी आणि आकडे जास्त मिळतात. पैसा आणि डोकं लावायला हवं ते नमुना कसा घेतला, वाटेत त्यात काय मिसळलं, आणि यंत्राने जे दाखवलं ते खरोखर तेच होतं का, या प्रश्नांवर.

रॅनिटिडिनचंच उदाहरण घ्या. आम्लपित्तावरच्या या गोळीत एनडीएमए हे कर्करोगजनक मानलं जाणारं रसायन सापडल्याचं २०१९ मध्ये एका खाजगी प्रयोगशाळेने जाहीर केलं. आकडा होता एका गोळीत ३० लाख नॅनोग्रॅमहून जास्त. दिवसाला चालण्याजोगं प्रमाण ९६ नॅनोग्रॅम. जगभर घबराट उडाली. नंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दाखवलं की त्या पद्धतीत नमुना १३० अंशांपर्यंत तापवला जात होता आणि त्या उष्णतेत रॅनिटिडिनच तुटून एनडीएमए तयार होत होतं. न तापवता, द्रव क्रोमॅटोग्राफीने (द्रावणातले घटक वेगळे काढणाऱ्या पद्धतीने) मोजल्यावर प्रमाण हजारो पटींनी खाली आलं. यंत्र उत्तम होतं, आलेखावरचं शिखर स्वच्छ होतं. पण जे मोजलं ते मोजण्याच्या प्रक्रियेनेच जन्माला घातलेलं होतं.

अभय:
साफ असहमत. उपकरण आधी येतं आणि प्रश्न नंतर सुचतो, हा या शास्त्राचा इतिहास आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर हे काही रसायनांची अतिसूक्ष्म प्रमाणं ओळखणारं उपकरण बनवलं. त्या काळाच्या मानाने त्याची संवेदनशीलता कोणालाच लागत नव्हती. १९७१ मध्ये ते तोच डिटेक्टर जहाजावर घेऊन अटलांटिकवर गेले आणि हवेत सीएफसी (फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरली जाणारी क्लोरीनयुक्त संयुगं) सापडले, हवेच्या एक लाख कोटी भागांत काही दशक भाग. त्यांना स्वतःला त्यात धोका दिसला नव्हता, तसं त्यांनी लिहिलंही. पण तो आकडा होता म्हणून रोलंड आणि मोलिना हे रसायनशास्त्रज्ञ विचारू शकले की ही संयुगं पुढे जातात कुठे. ही संयुगं ओझोनचा थर नष्ट करतात हे मांडणारा १९७४ चा निबंध त्यातून आला, त्यांना आळा घालणारा १९८७ चा माँट्रियल करार त्याच्याही पुढचा. शोधमर्यादा कशाला खाली न्यायची, असं १९५७ मध्ये कोणी विचारलं असतं तर लव्हलॉक यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

आणि नुसती काटेकोर पद्धत सत्याची हमी देत नाही. प्रथिनं मोजायची केल्डाल पद्धत १८८३ ची. ब्लँक (पदार्थ न घालता केलेली चाचणी) नीट, कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाशी यंत्राची जुळवणी) नीट, दहा प्रयोगशाळांत दहा जवळजवळ सारखी उत्तरं. पण ती मोजते नायट्रोजन. मेलामाइन या औद्योगिक रसायनात वजनाच्या ६६ टक्के नायट्रोजन, प्रथिनांत साधारण १६. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं जात होतं आणि ही शिस्तशीर पद्धत त्याला प्रथिन म्हणून पास करत होती. २००८ मध्ये ते उघड होईपर्यंत लाखो बाळांच्या मूत्रपिंडांना त्रास झाला होता. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र, हवा होता.

सुनेत्रा:
अभय, मेलामाइनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्या दूधपावडरीत किलोमागे २५०० मिलिग्रॅमहून जास्त मेलामाइन सापडलं. त्याला पिकोग्रॅम ओळखणारं यंत्र लागत नाही. लागत होता एवढाच प्रश्न, की हा नायट्रोजन नक्की कोणाचा? याला म्हणतात निवडकपणा. संवेदनशीलता वेगळी. निबंधांत स्पर्धा चालते ती दुसरीची.

लव्हलॉकचं मान्य. पण तेव्हा आपण आंधळे होतो. आज खूप दिसतं, अर्थ लागत नाही.

प्राची:
सुनेत्राताईंशी बरीच सहमत. मी मायक्रोप्लास्टिकवर, म्हणजे प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांवर, काम करते. पाण्याचा नमुना गाळला, गाळणकागदावरचा कण इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की वर्णपटात २९१५ आणि २८४८ या तरंगसंख्यांना (प्रति सेंटिमीटर) दोन टोकदार पट्टे उमटतात, शिवाय १४७० आणि ७२० च्या आसपास. पॉलिइथिलीन, पिशव्यांचं प्लास्टिक! आता त्याच कागदावर लॅबमधल्या हातमोज्याचं बोट नुसतं टेकवा. मोजे साच्यातून सहज सुटावेत म्हणून त्यांना स्टिअरेटचा (साबणासारख्या मेदाम्लक्षाराचा) लेप असतो. तोही पॉलिइथिलीनसारखी सीएच-टूची (एक कार्बन, दोन हायड्रोजन) लांब साखळीच, त्यामुळे जवळजवळ तेच पट्टे. फरक राहतो १५५० च्या जवळच्या, स्टिअरेटच्या टोकाच्या कार्बोक्सिलेट गटाच्या पट्ट्यात, आणि संगणकाची आपोआप जुळवणी तो हमखास सोडून देते. एका स्पर्शात हजारो ‘प्लास्टिक’ कण.

आता रक्तातलं, मेंदूतलं प्लास्टिक मोजताना ऊती तापवून तिचे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरला देतात. मेंदूत चरबी भरपूर, आणि चरबीचे तुकडे पॉलिइथिलीनच्या तुकड्यांसारखेच. मेंदूतल्या प्लास्टिकवरच्या २०२५ च्या गाजलेल्या निबंधावर मुख्य आक्षेप हाच होता. प्लास्टिक तिथे नाहीच, असा माझा दावा नाही. किती आहे ते सांगायची आपली लायकी अजून झालेली नाही आणि मथळे मात्र ग्रॅममध्ये छापले गेले, याची मला खरोखर चीड येते.

निखिल:
पाण्याची तपासणी करणाऱ्यांच्या बाजूने थोडक्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जून २०२२ मध्ये पीएफओएसाठी, म्हणजे निसर्गात सहसा न विघटणाऱ्या एका फ्लोरिनयुक्त रसायनासाठी, आरोग्य-सल्ला दिला, लिटरमागे ०.००४ नॅनोग्रॅम. मान्य पद्धती खात्रीने मोजू शकत होत्या ४ नॅनोग्रॅमपर्यंत. हजारपट अंतर! एप्रिल २०२४ मध्ये कायदेशीर मर्यादा ४ नॅनोग्रॅम ठरली, कारण खात्रीने मोजता येतं ते तेवढंच. विषशास्त्र पुढे आहे, उपकरणं मागे. इथे शर्यत थांबवा म्हणणं म्हणजे लोकांना धोक्यात ठेवणं.

सुनेत्रा:
निखिल, मुद्दा वजनदार आहे. पण विश्लेषण रसायनशास्त्रज्ञ हॉर्विट्झ यांनी १९८० मध्ये असंख्य प्रयोगशाळांचे निकाल एकत्र मांडले, ते आठवा. प्रमाण शंभरपट घटलं की प्रयोगशाळांमधली तफावत दुप्पट होते. पीपीएमला (दहा लाखांत एक भाग) १६ टक्के, पीपीबीला (शंभर कोटींत एक भाग) ४५. चांगल्या पद्धती आज याहून सरस आहेत, मान्य, पण कल तोच. ०.००४ पर्यंत पोहोचलात तरी दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणार नसतील तर त्यावर कायदा उभा कसा करणार? भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं ते आधी लॅबमधलं शिसं हटवून. भिंती, हवा, भांडी, आम्लं, सगळं शुद्ध करत बसले होते ते. हे काम आज निधीसाठी मांडलं तर त्यात नावीन्य काय, असं विचारून परत येतं.

अभय:
पॅटरसनना लॅब शिशाने माखलेली आहे हे कळलं कशाने? मास स्पेक्ट्रोमीटरने. जे दिसतच नाही ते साफ कसं करणार? प्राचीच्या हातमोज्याचा डागसुद्धा पकडला तो सूक्ष्म मोजमापानेच. यंत्र सुधारलं की आपली घाण आपल्याला दिसू लागते.

आणि रॅनिटिडिनची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो ३० लाखांचा आकडा चुकीचा होता, कबूल. पण त्यामुळे पुढची तपासणी झाली आणि साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, त्या गोळीत एनडीएमए खरंच वाढतं हे सिद्ध झालं. एप्रिल २०२० मध्ये औषध बाजारातून काढायला सांगितलं गेलं.

सुनेत्रा:
हो, आणि ते सिद्ध झालं महिनोन्महिने गोळ्या ठरावीक तापमानाला ठेवून पुन्हा पुन्हा मोजल्यामुळे. असल्या संथ कामाला मोठी नियतकालिकं जागा देत नाहीत, माझी तक्रार तीच.

अभय:
मग मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध पाहा. तिथेही २०२० मध्ये एनडीएमएचे चढे आकडे आले. कारण निघालं डीएमएफ हे द्रावक. त्यातल्या काही रेणूंत नायट्रोजन-१५ हा जड समस्थानिक असतो आणि त्यांचं वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ७५.०५७१ ला येतं. एनडीएमए येतं ७५.०५५३ ला. दोन सहस्रांशही फरक नाही. कमी ताकदीच्या यंत्राला दोन्ही एकच. तो फरक दाखवायला ऑर्बिट्रॅपसारखं अतिशय अचूक वस्तुमान सांगणारं यंत्र लागतं, आणि ते २००५ मध्ये बाजारात आलं ते त्याचे निर्माते माकारोव्ह यांनी कित्येक वर्षं केवळ यंत्र सुधारण्यात घातली म्हणून.

प्राची:
अभय, क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीत) डीएमएफ आणि एनडीएमए आधीच वेगळे काढले तर साधं यंत्रही फसत नाही. त्याला नवं यंत्र लागत नाही, नीट बसवलेली पद्धत आणि ती तपासायला दोन आठवडे लागतात.

अभय:
डीएमएफचा संशय आल्यावर. तो संशय कोणत्या यंत्रावर आला, ते सांग.