‘सावकाश जगा’ हा सल्ला अर्धवट आहे

रंकाळावेस:
संध्याकाळी रंकाळ्यावर सावकाश चालणारे बरेच जण फोनवर बोलत असतात किंवा मनात उद्याची कामं लावत असतात. वेग कमी झाला, पण लक्ष आलं नाही. ते वेगळं शिकावं लागतं. डोळे मिटून बसायचं, पाठ सरळ, तळवे मांडीवर. श्वास आपोआप चालू द्यायचा, बाहेर गेला की एक, पुढचा दोन, असं दहापर्यंत, मग परत एकपासून. तीन-चारवरच मन निसटतं. निसटलं हे ध्यानात आलं की पुन्हा एक. व्यायाम तोच आहे. विचार बंद पडले पाहिजेत असं धरून बसणारे आठवड्यात कंटाळून सोडतात. मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊ नका, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून गरगरतं. रोज दहा मिनिटं पुरेत.

गुऱ्हाळकाठ:
पटलं नाही. लक्ष कामातून येतं, डोळे मिटून नाही. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर गुळव्याला बघा. रस तापला की भेंडीचा चीक घालून मळी काढायची, मग जाळ सांभाळत पाक ११८ अंशांच्या आसपास न्यायचा. बरेच गुळवे तापमापक लावतच नाहीत. बुडबुड्याचा आकार बघायचा, थेंब गार पाण्यात टाकून गोळी किती घट्ट होते ते बोटानं चाचपायचं. लवकर उतरवलं तर गूळ मऊ राहतो, पावसाळ्यात पाणी सुटतं. जरा उशीर झाला की काळपट आणि करपट. अख्खी काहील वाया जाते, म्हणून त्याचं मन हलत नाही. त्याला श्वास मोजायला कुणी शिकवलं नाही.

रंकाळावेस:
काहिलीपाशी ते खरं आहे. चुलवाण विझल्यावर रात्री अंथरुणात काय? तिथं मन धरून ठेवणारा पाक नसतो, आणि बहुतेकांचा त्रास तिथलाच आहे. हातकणंगल्याजवळ आळत्याला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. पहाटे चारला उठायचं, मौन पाळायचं, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. एवढा वेळ सुरुवातीलाच देतात, कारण त्याशिवाय पुढचं जमत नाही.

शिरोली_पाळी:
रात्रपाळी करणाऱ्यांनी हे आधी करू नये. झोप अपुरी असली की बसल्या बसल्या डुलकी लागते, आणि माणूस समजतो मन शांत झालं. आधी खोलीत अंधार करा, पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद, मग बाकीचं.

मंगळवारपेठ:
ज्यांना मनाला बसलेल्या जुन्या धक्क्यानं छातीत धडधड होते त्यांनी डोळे मिटून तासभर बसू नये, घाबरणं वाढू शकतं. डोळे उघडे, तळपाय फरशीवर दाबून, समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. दोन-तीन मिनिटांत थांबा. तरी धडधड वारंवार होत असेल तर डॉक्टरकडे जा. दहा दिवसांच्या मौनाची घाई तर मुळीच नको.

गुऱ्हाळकाठ:
हा सल्ला चांगला. पण मूळ मुद्दा राहिलाच. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तुटायला दीड वर्ष जातं. आजच्या क्षणात राहून शेती होत नाही, पुढचं बघावंच लागतं.

रंकाळावेस:
पुढचं बघणं आणि घोर लावून घेणं वेगळं. नियोजन कागदावर उतरतं: तारीख, खताचं माप, पाण्याची पाळी. ज्याचं कागदावर काहीच होत नाही आणि तेच तेच फिरतं, तो घोर. संध्याकाळी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा आणि तेवढ्यातच पुढचं सगळं उरका. रात्री आठवलं तर ‘उद्या वहीत’ म्हणून श्वासाकडे या.

गुऱ्हाळकाठ:
वही मान्य. पण त्यात काय लिहायचं? १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. बिल थकलं तर पहिल्यांदा व्याजाची मागणी लेखी करावी. त्या माणसाला श्वास मोजायला नंतर सांगा.

रंकाळावेस:
मागणी त्याच संध्याकाळी लिहून टाकावी, यात वाद नाही. पण ‘नंतर’ नको. अर्ज दिल्यावर उत्तर यायला किती आठवडे लागतील ते त्याच्या हातात नाही, आणि रात्री तर रोज येणार.