आधी कृपादान की आधी सेवा?
स्वतःचे कृपादान, म्हणजे देवाने सेवेसाठी दिलेली खास क्षमता, प्रश्नावली भरून आधी ओळखावे आणि मगच मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, सेवा मागावी, असे एक मत मांडले जाते; त्याच्याशी मी सहमत नाही. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल आरोग्यदानाबरोबर साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे हीही कृपादानेच मोजतो, आणि ही दोन्ही कागदावर नव्हे, तर कामात दिसतात. वडोदऱ्यात फतेहगंजच्या आमच्या मंडळीत नाताळच्या प्रीतिभोजनाला माणसे कमी पडली, म्हणून एका अबोल काकूंना केवळ वाढायला बोलावले होते. त्यांनी पातेल्यावर नजर टाकून भात किती पानांना पुरेल ते सांगितले, मधुमेही ज्येष्ठांची पाने वेगळी लावली आणि एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन तरुणांना वरणाच्या एकाच बादलीवर नेमले. आता मंडळीची शिबिरे त्याच आखतात. घरी त्या आयुष्यभर हेच करत आल्या होत्या, पण तिथे त्याला कोणी गुण म्हटले नव्हते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. म्हणून पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी दर वेळी पेटी-तबल्यावरच्या त्याच सभासदांकडे न वळता मागच्या बाकांवरील माणसांना लहान, ठरावीक मुदतीचे काम सोपवावे. ते न जमल्यास सन्मानाने बाजूला होण्याची सोयही आधीच ठेवावी.