एआयचा कायदा शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

सड्यावरचा: रत्नागिरीत एलएलबी तिसऱ्या वर्षाला दोन तासांचं प्रात्यक्षिक घ्यायचंय. प्रसंग काल्पनिक आहे: देवगडच्या बागायतदाराच्या आवाजाची एआयवर नक्कल करून वाशीच्या अडत्याला व्हॉइस नोट गेली, ‘पन्नास पेट्यांचा ॲडव्हान्स ह्या नंबरवर टाका.’ पैसे गेले. मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं? युरोपचा एआय कायदा आधी घेऊ का?

खाडीपलीकडे: युरोप शेवटच्या दहा मिनिटांत. 1 ऑगस्ट 2024 ला लागू झाला, जोखमीनुसार बंधनं, काही वापर थेट बंद. एवढं पुरे. आपल्याकडे एआयचा स्वतंत्र कायदा नाही. नोव्हेंबर 2025 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण त्यांवरून कोणावर गुन्हा दाखल होत नाही.

तेव्हा आधी कलमं लावायला बसवा. आयटी कायद्याचं 66डी, म्हणजे संगणक वापरून तोतयेगिरी, सरळ बसतं: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. सोबत भारतीय न्याय संहितेची 318(4), म्हणजे फसवणूक, आणि 319(2), म्हणजे तोतयेगिरीने फसवणूक. खरी मजा 66सी मध्ये, म्हणजे ओळखचोरीत. त्यात सही, पासवर्ड आणि व्यक्तीची ‘अन्य एकमेव ओळखखूण’ येते. आवाज त्यात धरायचा का? अर्धा वर्ग फिर्यादीकडून, अर्धा आरोपीकडून उभा करा. कोणीतरी अरिजित सिंगचं 2024 चं प्रकरण काढेलच. मुंबई उच्च न्यायालयाने तिथे आवाजाच्या नकलेला मनाई केली, पण तो दिवाणी दावा होता, व्यक्तिमत्त्व हक्काचा, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्काचा. फौजदारीत तो जसाच्या तसा चिकटवू देऊ नका.

आणि कलम 78. आयटी कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. ठाण्याचा प्रभारी सहायक निरीक्षक असेल तर पुढे काय, हे विचाराच. उत्तरपत्रिकेत हमखास सुटतं.

हॅशवाला: कलमं पुस्तकात सापडतात, पुरावा हातातून निसटतो. एक तास साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ला द्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि त्याच्या प्रमाणपत्राला.

प्रत्येक जोडीला एकच ऑडिओ फाइल द्या आणि एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा डिजिटल ठसा, काढायला लावा. 64 अक्षरं येतात. मग फाइलचं नाव बदलायला सांगा: हॅश तोच. आता सुरुवातीची अर्ध्या सेकंदाची शांतता कापून सेव्ह करा: जवळजवळ सगळी अक्षरं बदलतात. ‘फक्त आवाज साफ केला, साहेब’ म्हणणारा पक्षकार काय घोळ करून ठेवतो, ते तिथेच कळतं.

मग कलम 63 चं प्रमाणपत्र भरून घ्या. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा; हॅश दोन्हीकडे लागतो. इथे मूळ नोट अडत्याच्या फोनमध्ये आहे, त्यामुळे बागायतदाराने भाग अ भरला की चुकलं. जुन्या पुरावा कायद्यातल्या 65बी वरचा खोतकर वि. गोरंट्याल (2020) हा निवाडा वाचायला द्या: मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच. अडत्याला पहिला सल्ला मात्र 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, पैसे पुढे सरकायच्या आत.

सड्यावरचा: छान. मुलं निवाडे चॅटजीपीटीवरून आणतील, ती धास्ती आहे.

खाडीपलीकडे: आणू देत. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली माता वि. एव्हिएन्का प्रकरणात असेच बनावट निवाडे दाखल केल्याबद्दल 5,000 डॉलर दंड झाला, ते आधी सांगा. नियम एकच ठेवा: सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा असेल तर ई-एससीआरवर, म्हणजे त्या न्यायालयाच्या अधिकृत ऑनलाइन निवाडा-संग्रहात, उघडून संबंधित परिच्छेदाचा क्रमांक लिहायचा. क्रमांक नाही, तर गुण नाहीत. नाव खरं आणि परिच्छेद भलताच, असंही होतं. ते फक्त अशानेच पकडता येतं.