गाळपेरीतले लव्हाळे: मोथा कोणता, बाकीचे कोणते?

गोदाकाठ
नमस्कार. पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागराचं पाणी उतरू लागलं की गाळपेरीच्या (उघड्या पडलेल्या गाळात केलेल्या पेरणीच्या) कडेला, ओल टिकेल तोवर, दोन-तीन जातींचे लव्हाळे एकमेकांत मिसळून उगवतात. वावरात सगळ्यांना सरसकट मोथाच म्हणतात. पाणथळीतल्या वनस्पतींची यादी करतोय, त्यामुळे नेमकी जात हवी आहे. नमुने असे:

अ – वीत-दीड वीत उंच, तुरा लालसर तपकिरी. उपटताना बुडाशीच तुटला.
ब – उंची तेवढीच, तुरा पिवळसर. मुळांचा तांबूस झुपका सहज निघाला.
क – बोटभर उंच, टोकाला गोल गेंद.

ब म्हणजे अ चाच कोवळा तुरा असू शकतो का? फोटोवरून ओळखणारं ॲप दर वेळी वेगळं नाव सांगतं. १० पट भिंग आहे, सूक्ष्मदर्शक नाही.

काळीमाती
अ चं निदान जमिनीखाली आहे, आणि तेच तुमच्याकडून मातीत राहिलं. मोथा, म्हणजे सायपेरस रोटुंडस, कधी उपटू नका. काळ्या मातीत तो बुडाच्या फुगीर गाठीपाशी तुटतो आणि नमुना निरुपयोगी होतो. रोपाभोवती वीतभर अंतर सोडून खुरप्याने १५-२० सेंमी खोल ढेकूळ काढा, बादलीत भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या. मोथा असेल तर बारीक काटक दोऱ्यावर ओवल्यासारख्या काळपट गाठी एकापुढे एक मिळतील. एक गाठ नखाने फोडा, नागरमोथ्याचा ओळखीचा वास लगेच येतो.

गाठी माळेत नसून प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एकेकच असेल, आणि तुरा गवताच्या काडीसारखा फिका पिवळा असेल, तर सायपेरस एस्क्युलेंटसचा विचार करा. त्याचं पान टोकाकडे हळूहळू निमुळतं होत जातं. मोथ्याचं पान टोकाजवळ एकदम अरुंद होतं.

ब ला गाठीही नाहीत आणि आडवे दोरेही नाहीत, नुसता तांबूस झुपका आहे. तो वर्षायू (एका वर्षातच आयुष्य संपवणारा) सायपेरस इरिया असण्याची शक्यता मोठी.

हा फरक शेतकऱ्यालाही उपयोगी आहे. इरिया बी धरण्याआधी उपटला की काम संपतं. मोथ्यावर मात्र पावसाळ्यात कोळपं फिरवलं की माळ तुटते आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ फुटते. त्यापेक्षा उन्हाळी नांगरट करून गाठी उन्हात वाळू दिलेल्या बऱ्या.

तृणवेध
वरचं सगळं पटलं, फक्त रंगावर भिस्त ठेवू नका. सावलीतल्या मोथ्याचा तुरा फिकट निघतो आणि पिकलेला इरिया चांगलाच तपकिरी होतो. तुसं, म्हणजे फुलाला झाकणारे बारीक खवले, बघा.

पांढऱ्या कागदावर एक कणिशक (तुऱ्यातलं एक बारीक कणीस) ठेवा आणि सुईने खालून वर एकेक तूस काढत जा. मोथ्याचं तूस ३ ते ३.५ मिमी लांब असतं, एकावर एक दाट बसलेलं, मधली शीर हिरवी. इरियाचं तूस त्याच्या निम्म्याहून लहान, साधारण दीड मिमी, टोकाला गोलसर. तुसं सैल बसतात, त्यामुळे कणिशकाची कड दातेरी दिसते. इरियाच्या तुसात तीनधारी दाणा ठासून भरलेला असतो. मोथ्यात पिकला दाणा क्वचितच सापडतो, तो गाठींवरच वाढतो. तेव्हा एकामागून एक तुसं रिकामी निघाली तर नमुना कोवळा आहे असं समजून टाकून देऊ नका. भरपूर तुरे आणि दाणे नाहीत, हीच मोथ्याची एक खूण धरा.

यानंतर कुक्षी, म्हणजे फुलातून बाहेर डोकावणारे पराग धरणारे धागे, मोजा. फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून ताज्या कुक्षी कणिशकाच्या शेंड्याकडे आणि पिकले दाणे बुडाकडे शोधायचे. मोथा, एस्क्युलेंटस, इरिया या तिघांनाही तीन कुक्षी आणि तीनधारी दाणा. कुक्षी दोनच दिसल्या आणि दाणा दोन्ही बाजूंनी चपटा, कड मधल्या दांडीकडे वळलेली असेल, तर तो पायक्रियस गटातला. आता बरेच जण त्यालाही सायपेरसमध्येच घालतात, पण यादी करताना हा भेद टिपून ठेवाच, कारण तुरा लांबून हुबेहूब इरियासारखा दिसू शकतो. वाळलेल्या नमुन्यात कुक्षी गळालेल्या असतात, तेव्हा दाण्याच्या आकारावरच जावं लागतं.

क बद्दल: गेंद एकच आहे की अनेक? खालची पानं केवढी?

गोदाकाठ
दोघांचेही आभार. ढेकूळ भिजवून पाहिलं, अ च्या गाठी माळेतच आहेत, वासही आला. ब ची तुसं दीड मिमीच्या आसपास, दाणे काळसर तीनधारी.

क ला प्रत्येक काडीवर एकच गेंद, पांढुरका हिरवा. त्याच्या खाली चार-पाच लांब पानं चहूकडे पसरलेली, काडीपेक्षाही लांब.

तृणवेध
मग अ आणि ब पक्के. क साठी सायपेरस डिफॉर्मिस आणि सायपेरस पिग्मियस हे दोन उमेदवार. डिफॉर्मिसला बहुधा बरेच गेंद असतात, काही बुडाशी चिकटून तर काही छोट्या दांड्यांवर. त्याचं तूस जेमतेम पाऊण मिमी, गोलसर, कुक्षी तीन. पिग्मियसला दाट गेंद एकच आणि त्याखाली लांब पानं, तूस त्याच्या दुपटीहून मोठं आणि टोकदार, कुक्षी सहसा दोन. आटत्या तळ्याच्या चिखलात तो नेहमी आढळतो. तुमचं वर्णन त्याच्याकडेच झुकतं, तरी तूस मोजल्याशिवाय नाव लिहू नका. १० पट भिंगाखाली मिमीच्या खुणा असलेली पट्टी तुसाला टेकवून धरा, पाऊण आणि दीड यातला फरक स्पष्ट कळतो.

काळीमाती
नमुने दाबताना मोथ्याच्या गाठी उभ्या चिरून घ्या. अख्ख्या ठेवल्या तर आत ओल राहून बुरशी धरते, शिवाय गाठ जिवंत राहते. पहिले चार दिवस वर्तमानपत्र रोज बदला. सुटे दाणे कागदाच्या पुडीत घालून त्याच पानाला चिकटवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई ओलीने पसरते. तिच्यावर जागा, तारीख यांच्याबरोबर पाण्याच्या काठापासूनचं अंतरही टाका, कारण पाणी उतरेल तशी कडेची झाडं बदलत जातात.