वाढदिवसाला पान्सित करायचंय, सोलापुरात शेवया कुठल्या घ्याव्यात?

लेकीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी फिलिपिन्सला दावाओत मेडिकल शिकते, सध्या सुट्टीला घरी आली आहे. रविवारी तिचा वाढदिवस आहे आणि तिनं मागणी केलीय ती पान्सितची. तिकडं वाढदिवसाला लांब शेवयांचा हा पदार्थ हवाच म्हणे, आयुष्य लांबतं म्हणून. तिच्या रूममेटच्या घरी तिनं तो खाल्लाय, पण स्वतः कधी केलेला नाही. व्हिडिओ बरेच बघितले, पण प्रत्येकाचं सामान वेगळं आणि त्यातलं निम्मं आपल्याकडं मिळत नाही.
कुठल्या शेवया घ्यायच्या? माशाचा सॉस नसला तर चालेल का? घरात आम्ही चिकन खातो, पण सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत आणि नातीच्या वाढदिवसाला त्यांचं ताट वेगळं दिसू नये असं मला मनापासून वाटतं. कुणी घरी केलं असेल तर नीट सांगा.

पूर्व_भाग
ताई, आमच्या भागात कुठल्याही किराणा दुकानात तांदळाची सेवई मिळते. गरम पाण्यात तीन मिनिटं ठेवायची, निथळायची, मग मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरचीची फोडणी देऊन भाज्या घालायच्या. वरून लिंबू. पोरांना आवडतं.

गॅलीतला_आचारी
ताई, मी मालवाहू जहाजांवर कुक होतो, आता होटगी रोडला घरी असतो. आमच्या खलाशांत फिलिपिनो पुष्कळ असायचे आणि कुणाचा वाढदिवस आला की गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, पान्सित व्हायचंच. हा पदार्थ मी त्यांच्याकडून, त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्व भागातल्या दादांची सेवई चवीला छान लागेल, पण ते पान्सित नव्हे. पान्सितचा जीव रश्श्यात आहे. शेवया वेगळ्या उकडून फोडणीत परतायच्या नाहीत. चिकनचं पाणी कढईत उकळत असतं, त्यात भिजवलेल्या शेवया पडतात आणि ते सगळं पाणी पिऊन शिजतात. चव आत जाते ती अशी. साध्या पाण्यात उकडलेल्या शेवयांवर नंतर कितीही सोया सॉस ओता, तो वरच राहतो.

आता शेवयांचं. सोप्या जाती दोन धरा. बिहोन म्हणजे तांदळाच्या बारीक, पांढऱ्या, सुक्या शेवया. कँटन म्हणजे गव्हाच्या, पिवळसर, जाड. बिहोनसाठी पाकिटावर ‘राइस व्हर्मिसेली’ लिहिलेल्या कच्च्या सुक्या शेवया घ्या. ‘इन्स्टंट’ लिहिलेली सेवई घेऊ नका, ती आधीच वाफवलेली असते, रश्श्यात पडली की तिचा गोळा होतो. खिरीच्या रव्याच्या शेवया तर अजिबात नकोत. कँटनसाठी चायनीजच्या गाड्यांना माल देणाऱ्या दुकानातले हक्का नूडल्स चालतात. खरे कँटन तळून सुकवलेले असतात, त्यामुळं चवीत थोडा फरक पडेल, पण पदार्थ तोच राहील.

चार जणांना २०० ग्रॅम बिहोन. गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, नुसत्या लवचीक झाल्या की निथळा. हाडासकट पाव किलो चिकन कांदा आणि अख्खी मिरी घालून उकडा, पाणी जपून ठेवा, चिकन हातानं सोडवून घ्या. कढईत तेल, त्यात सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, सोनेरी होईस्तोवर. मग उभा चिरलेला कांदा, मग चिकन. त्यावर दोन कप ते पाणी आणि तीन मोठे चमचे सोया सॉस. उकळी आली की गाजर, फरसबी आणि कोबी घाला, दोन मिनिटांनी झाऱ्यानं बाहेर काढून ठेवा. ही पायरी टाळू नका. भाज्या आतच राहिल्या तर शेवया शिजेपर्यंत त्या मेणचट होतात.

आता त्या उकळत्या रश्श्यात शेवया. दोन उलथन्यांनी खालून वर उचलत राहायचं, कापायचं नाही, दाबायचं नाही. वाढदिवसाच्या शेवया तुटू द्यायच्या नाहीत, आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्यासाठी स्वतः कढईपाशी येऊन उभा राहायचा. चार-पाच मिनिटांत पाणी आटतं. एक शेवई चाखून बघा. कडक वाटली तर अर्धी वाटी गरम पाणी आणखी घाला. मग भाज्या परत आत, भरपूर मिरपूड, आणि गॅस बंद.

माशाच्या सॉसला ते पातिस म्हणतात. ऑनलाइन मिळतो, पण त्यासाठी अडून बसू नका. सुक्या मासळीवाल्याकडून मूठभर सोडे आणा, धुऊन चिकनच्या पाण्यात उकळा आणि गाळा. समुद्राची तीच खोली येते. जहाजावर पातिस संपला की आम्ही हेच करायचो.

तिखटाचं एक सांगतो, कारण आपण सोलापूरकर. कढईत लाल तिखट, काळा मसाला, शेंगाचटणी काहीही घालू नका. हा सौम्य पदार्थ आहे आणि लसूण, मिरी, लिंबू यांच्यावर पेलतो. ज्याला झणझणीत हवं त्यानं व्हिनेगरमध्ये हिरव्या मिरच्या चिरून वाटीत घ्याव्यात आणि ताटात वरून घालाव्यात. फिलिपिनोही असंच खातात.

दावाओ_तिसरं_वर्ष
काकू, मीपण सोलापूरचाच, तुमच्या लेकीच्या शहरातच शिकतो! काकांनी सांगितलं ते अगदी बरोबर. इथं कारिंदेरियात, म्हणजे छोट्या घरगुती खानावळीत, दुपारच्या मेरिएंदाला पान्सित खातो. मेरिएंदा म्हणजे आपला चारचा चहा-नाश्ता. वाढदिवसाला मात्र बिलाओत येतं, ती बांबूची गोल पसरट परडीच, खाली केळीचं पान घातलेली. तुमच्याकडं मोठी परात असेल तर तीवर केळीचं पान अंथरा, लेक खूश होईल.
सोबत कालामान्सी हवीच. छोटं हिरवं फळ असतं, आत नारिंगी, चव लिंबू आणि संत्र्याच्या मधली. सोलापुरात नाही मिळणार. दोन कागदी लिंबांच्या रसात चमचाभर संत्र्याचा रस मिसळा, बरंच जवळ जातं. पण कढईत पिळू नका, प्रत्येकानं आपापल्या ताटात पिळायचं.
आणखी एक, पाकीट मागवणार असाल तर मागची बाजू वाचा. ‘बिहोन’ लिहिलेल्या बऱ्याच शेवयांत मक्याचं स्टार्च असतं. वाईट नाही, फक्त पाणी थोडं वेगळं लागतं, म्हणून काका म्हणतात तसं चाखत राहा.
इथं गावागणिक पान्सित बदलतं. मालाबोनचं जाड तांदळाच्या शेवयांचं आणि कोळंबी-कालवांचं. लुकबानचं पान्सित हाबहाब केळीच्या पानावर देतात आणि चमचा न वापरता थेट पानावरूनच तोंडात घेतात. तुगेगाराओत रेड्याचं मटण आणि अंडं घालतात. शेवया मुळात चिनी लोकांनी आणल्या. मनिलातली बिनोंदो ही चिनी वस्ती १५९४ सालची आहे, म्हणजे हे सगळं किती जुनं बघा. लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य हेही त्यांच्याकडूनच आलंय.

बाळीवेस
सासूबाईंच्या ताटाचं मी सांगते, आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे आणि माझी जाऊ मनिलाला राहून आलेली आहे, तिच्याकडून शिकले.
चिकनच्या पाण्याऐवजी भाज्यांचं पाणी करा, पण ते पाणचट होता कामा नये. कोबीचा दांडा, गाजराची टोकं, मशरूमचे देठ, अर्धा कांदा करपेपर्यंत तव्यावर भाजून, ठेचलेला लसूण आणि मिरी. अर्धा तास मंद उकळा. भाजलेल्या कांद्यानं रंग आणि गोडी दोन्ही येतात. मशरूम वाळवलेले मिळाले तर फारच उत्तम, भिजवलेलं पाणीसुद्धा त्यातच घाला. चिकनच्या जागी टोफू, चौकोनी तुकडे करून आधी खरपूस तळलेला. तिकडं टोफू एरवीही पान्सितमध्ये घालतात, त्यामुळं सासूबाईंना काही बदली दिल्यासारखं होणार नाही. पनीर नको, दुधाची चव सोया सॉसशी जमत नाही.
ताई, एक सुचवू? सगळ्यांनाच टोफूचं करा आणि चिकन वेगळं शिजवून बाजूला ठेवा, हवं त्यानं वरून घ्यावं. मग सगळी ताटं एकसारखी होतील.

लेकीची_आई
बाळीवेसच्या ताई, शेवटची सूचना वाचून डोळ्यांत पाणी आलं. तसंच करणार.
दादा, दोन शंका. लेक म्हणते तिला केशरी रस्सा ओतलेलं, वर अंडं घातलेलंही आवडतं. ते घरी जमेल का? आणि आम्ही पंधरा-सोळा जण असू, मोठ्या पातेल्यात एकदम केलं तर?

गॅलीतला_आचारी
ते केशरी म्हणजे पालाबोक. त्यात शेवया वेगळ्या उकडून ताटात घेतात आणि कोळंबीच्या पाण्याचा घट्ट रस्सा वरून ओततात. मी वर सांगितलेला नियम त्याला लागू नाही, कारण तिथं चव त्या रश्श्यातच ठेवलेली असते. रंग येतो तो शेंदरीच्या बियांनी. बिया कोमट तेलात ठेवल्या की तेल केशरी होतं, मग बिया गाळून टाकायच्या. मैदा किंवा कॉर्नफ्लोअरनं रस्सा दाट करायचा, वर उकडलेलं अंडं, तळलेला लसूण, पातीचा कांदा. डुकराची कुरकुरीत कातडी आणि धुरावलेल्या माशाचा चुराही घालतात, ते सोडा. पण या रविवारी करू नका. कोळंबी सोलण्यातच तुमची सकाळ जाईल, आणि सासूबाईंना त्यातलं काहीच चालणार नाही. लेक परत जायच्या आधी एखाद्या निवांत संध्याकाळी चौघांपुरतं करा.

पंधरा-सोळा जणांना पाऊण किलो शेवया धरा, बाकी जेवणही असेलच. पण एका पातेल्यात बिलकूल नको. खालच्या शेवया लगदा होतात आणि वरच्या कच्च्या राहतात. एका कढईत पाव किलोच्या वर जाऊ नका, तीन वेळा करा. रस्सा सगळा एकदम करून मंद आचेवर गरम ठेवा, दर पाव किलोला अडीच कप मोजून घ्या. भाज्याही आधीच शिजवून ठेवल्या की प्रत्येक घाणा दहा मिनिटांत उतरतो. पाहुणे आल्यावर शेवटचा घाणा लावा. आणि शेवया भिजत घालायच्या त्या प्रत्येक घाण्याच्या वेळी वेगळ्या, सगळ्या एकदम भिजवून ठेवू नका.

लेकीची_आई
लिहून घेतलं सगळं. केळीची पानं शनिवारीच आणते. सोडे मात्र फक्त चिकनच्या भांड्यात.

बाळीवेस
हो, आणि सोया सॉसची बाटलीही लेबल बघूनच घ्या ताई. गडद रंगाचा घेतलात तर दीड चमचाच घाला, बाकी मीठ. नाहीतर शेवया काळ्या दिसतात.